नुसता ‘दरायस’ लिहिलाय. मग पहिला, दुसरा की तिसरा?

प्रश्न थोडक्यात असा: प्राचीन इराणच्या हखामनी घराण्यात दरायस तीन, झर्क्सीस दोन, आर्टाझर्क्सीस चार (काहींच्या मते पाच) आणि सायरसही एकाहून अधिक. शिलालेखात, मातीच्या पाटीवर, बायबलात किंवा नाण्याच्या चिठ्ठीवर नुसतं नाव दिसलं, तर तो नेमका कोणता राजा हे कसं ठरवायचं?

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. ‘पहिला’, ‘दुसरा’, ‘तिसरा’ हे आकडे आपण लावलेले आहेत. त्या राजांपैकी एकानेही स्वतःला कधी आकडा लावला नाही. ते वडिलांचं नाव सांगत. त्यामुळे कोणताही मजकूर हाती आला की आधी बाप शोधा, मग राज्यवर्षाचा आकडा, मग बिरुदं आणि भाषा. आकडा सगळ्यात शेवटी लिहा. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

आता नावांकडे येऊ. आपण ग्रीकांकडून आलेली रूपं वापरतो. मूळ जुन्या फारसीत दरायस म्हणजे ‘दारयवउश’. मराठी वाचकाला यात अडखळायचं कारण नाही: ‘दारय’ म्हणजे संस्कृतातलं ‘धारय’ आणि ‘वहु’ म्हणजे ‘वसु’. जे चांगलं ते घट्ट धरून ठेवणारा, असा अर्थ. आर्टाझर्क्सीसमधला ‘अर्त’ हा आपला ‘ऋत’ आणि पुढचा भाग ‘क्षत्र’. ज्याची सत्ता ऋतावर उभी आहे तो. झर्क्सीसच्या नावात ‘क्षय्’ म्हणजे राज्य करणे हा धातू आहे. ही नावं म्हणजे घोषणाच होत्या. म्हणून अनेकांनी ती गादीवर बसताना घेतली, जन्मनाव वेगळं होतं. दुसऱ्या दरायसचं जन्मनाव ओखस. तो पहिल्या आर्टाझर्क्सीसला बाबिलोनी स्त्रीपासून झालेला मुलगा. ग्रीक त्याला ‘नोथोस’, म्हणजे अनौरस, म्हणत. अशा माणसाने गादीवर येताच पणजोबाचं नाव घ्यावं यात राजकारण उघड दिसतं. तिसरा दरायस तर बाजूच्या शाखेतला, अर्शामाचा मुलगा. बाबिलोनी मजकुरात त्याचं मूळ नाव ‘अर्ताशाता’ असं येतं. आणि इथेच एक खड्डा आहे: तिसऱ्या आर्टाझर्क्सीसचं जन्मनावही ओखसच होतं. ग्रीक मजकुरात नुसता ‘ओखस’ आला तर दोन राजे संभवतात आणि त्यांच्यात साठ-पासष्ट वर्षांचं अंतर आहे.

राज्यकाल असे आहेत, हे जवळ लिहून ठेवा. पहिला दरायस इ.स.पू. ५२२ ते ४८६. त्याचा मुलगा पहिला झर्क्सीस ४६५ पर्यंत. मग पहिला आर्टाझर्क्सीस ४२४ पर्यंत. त्यानंतर दुसरा झर्क्सीस, जेमतेम दीड महिना. दुसरा दरायस ४२३ ते ४०४. दुसरा आर्टाझर्क्सीस ४०४ ते ३५९-५८, सगळ्यांत दीर्घ. तिसरा आर्टाझर्क्सीस ३३८ पर्यंत. चौथा, म्हणजे अर्सेस, ३३६ पर्यंत. शेवटी तिसरा दरायस, ३३६ ते ३३०, अलेक्झांडरकडून हरलेला तो. त्याला मारणाऱ्या बेस्ससनेही स्वतःला आर्टाझर्क्सीस जाहीर केलं. काही जण पाचवा मोजतात तो हाच.

बाप हीच किल्ली, हे किती खरं आहे ते लिपीच्या उकलीतूनच दिसतं. १८०२ मध्ये ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने हखामनींच्या राजधानीतले, म्हणजे पर्सेपोलिसचे, दोन छोटे लेख शेजारी ठेवले. लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. त्याने गृहीत धरलं की साचा ‘अमुक, थोर राजा, राजांचा राजा, तमुकाचा मुलगा’ असा असणार. एका लेखातला राजा दुसऱ्या लेखात बाप म्हणून येत होता. पण त्या पहिल्याच्या बापाच्या नावापुढे ‘राजा’ हा शब्द नव्हता. म्हणजे आजोबा राजा नव्हता, मुलगा आणि नातू राजे होते. सायरस आणि कॅम्बायसिस ही जोडी बसेना, कारण त्या दोन्ही नावांचं पहिलं अक्षर एकच हवं होतं आणि लेखातली अक्षरं वेगळी होती. आर्टाझर्क्सीस फार लांब पडत होता. उरले विश्तास्प, दरायस, झर्क्सीस. तिथून अक्षरं सुटत गेली. पुढे इराणमधल्या बिसुतूनच्या कड्यावरचा मोठा त्रिभाषी लेख उतरवून घेणारा हेन्री रॉलिन्सन हा १८२७ मध्ये कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईत आलेला अधिकारी. इराणला तो १८३३ मध्ये गेला. असो.

तोच नियम आजही वापरायचा. दरायसच्या लेखात बाप विश्तास्प असेल आणि विश्तास्पापुढे ‘राजा’ नसेल, तर तो पहिला दरायस. बाप आर्टाझर्क्सीस असेल तर दुसरा. तिसऱ्याचा प्रश्न शिलालेखांत येत नाही, कारण त्याचा जुन्या फारसीतला राजलेख मिळालेलाच नाही. आपल्याकडच्या पश्चिम क्षत्रपांची नाणी ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल: तिथेही राजाच्या नावाबरोबर बापाचं नाव कोरलेलं असतं, म्हणूनच एकाच नावाचे रुद्रसिंह आणि रुद्रसेन वेगळे काढता येतात. ‘क्षत्रप’ हा शब्दही मुळात हखामनी कारभारातलाच.

एक लेख जवळून पाहू, कारण यात सगळं एकत्र येतं. हखामनींच्या सूसा या राजधानीतल्या अपादानाच्या, म्हणजे खांबांच्या दरबारगृहाच्या, स्तंभांच्या बैठकीवर तो कोरला आहे. मजकुराचा गाभा असा: राजा आर्टाझर्क्सीस म्हणतो, मी दरायस राजाचा मुलगा, दरायस आर्टाझर्क्सीस राजाचा मुलगा, आर्टाझर्क्सीस झर्क्सीस राजाचा मुलगा, झर्क्सीस दरायस राजाचा मुलगा, दरायस विश्तास्पाचा मुलगा, हखामनी. हे अपादान माझे खापरपणजोबा दरायस यांनी बांधलं. पुढे माझे आजोबा आर्टाझर्क्सीस यांच्या काळात ते जळालं. अहुरमज्द, अनाहिता आणि मित्र या देवतांच्या कृपेने मी ते पुन्हा बांधलं.

एका परिच्छेदात दोन दरायस आणि दोन आर्टाझर्क्सीस, तरी गोंधळ शून्य. बोलणारा हा दुसरा आर्टाझर्क्सीस. विश्तास्पापुढे ‘राजा’ इथेही नाही, हे लक्षात घ्या. मात्र या लेखातून आणखी दोन खुणा मिळतात आणि बाप तुटून गेलेल्या, अर्धवट लेखांत त्याच कामाला येतात.

पहिली खूण देवांची. पहिला दरायस आणि झर्क्सीस यांच्या लेखांत नाव घेऊन आवाहन अहुरमज्दाचं. फार तर ‘इतर देव’ असा मोघम उल्लेख. अनाहिता आणि मित्र नावानिशी येतात ते दुसऱ्या आर्टाझर्क्सीसपासून. तिसऱ्याच्या पर्सेपोलिसच्या लेखात अहुरमज्द आणि मित्र आहेत. त्यामुळे देवांची नावं दिसली की निदान शतक तरी ठरतं.

दुसरी खूण व्याकरणाची, आणि संस्कृत थोडंफार येणाऱ्याला ती लगेच कळेल. ‘दारयवउश’ हा उकारान्त शब्द आहे. त्याची शुद्ध षष्ठी ‘दारयवहउश’, जशी ‘वसु’ची ‘वसोः’. पहिल्या दरायसच्या आणि झर्क्सीसच्या लेखनिकांना हे येत होतं. सूसाच्या या लेखात मात्र ‘दारयवउशह्या’ असं रूप आहे. म्हणजे प्रथमेचं तयार रूप घेऊन त्याला अकारान्ताचा ‘-ह्या’, आपला ‘-स्य’, चिकटवून दिला. ‘वसुःस्य’ असं कोणी लिहावं तसं. कोरणाऱ्यांच्या बोलण्यातून जुन्या विभक्ती निघून गेल्या होत्या आणि ते साच्यावरून लिहीत होते. तिसऱ्या आर्टाझर्क्सीसच्या लेखात तर वंशावळीतली नावं षष्ठीऐवजी प्रथमेतच येतात. तेव्हा विभक्ती मोडलेली दिसली की राजा उत्तरकाळातला. याच कसोटीवर हमादानच्या दोन सुवर्णपट्टिकाही अडकल्या. त्या पहिल्या दरायसच्या पणजोबाच्या, अरियारम्नाच्या, आणि आजोबाच्या, अर्शामाच्या नावाने आहेत, पण त्यांतली भाषा चौथ्या शतकातली मोडकी आहे. त्या समकालीन नाहीत. उत्तरकाळात कोरलेल्या की आधुनिक बनावट एवढाच वाद.

शिलालेख तसे सोपे. खरी डोकेदुखी बाबिलोनियातल्या मातीच्या पाट्यांची, कारण तिथे बापाचं नाव नसतं. ‘दरायसचं अमुक वर्ष, अमुक महिना, अमुक दिवस’ एवढंच. इथे राज्यवर्षाचा आकडा कामाला येतो. बाबिलोनी हिशोबात पहिल्या दरायसची वर्षं ३६, दुसऱ्याची १९, तिसऱ्याची ५. म्हणजे पाटीवर २० किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर पहिलाच. ६ ते १९ असेल तर पहिला किंवा दुसरा. १ ते ५ असेल तर तिघेही उभे राहतात. आर्टाझर्क्सीसच्या बाबतीत पहिल्याची ४१, दुसऱ्याची ४६, तिसऱ्याची २१ वर्षं. ४२ ते ४६ आला तर दुसरा पक्का. २२ ते ४१ मध्ये पहिला किंवा दुसरा. त्याखाली तिघे, आणि वर्ष १ किंवा २ असेल तर चौथाही धरायचा.

इसवी सनपूर्व वर्ष काढायला सोपी वजाबाकी आहे. पहिल्या दरायससाठी ५२२ मधून राज्यवर्ष वजा करा, दुसऱ्यासाठी ४२४ मधून, तिसऱ्यासाठी ३३६ मधून. झर्क्सीससाठी ४८६. आर्टाझर्क्सीस पहिला ४६५, दुसरा ४०५, तिसरा ३५९. याचं कारण असं की राजा गादीवर आला ते उरलेलं वर्ष ‘राज्यारोहणाचं वर्ष’ म्हणून शून्यात जमा होई आणि ‘वर्ष १’ पुढच्या निसान महिन्यापासून, म्हणजे मार्च-एप्रिलपासून सुरू होई. आणि नेमकी इथे एक चूक हमखास होते. वर्ष वसंतात सुरू होत असल्यामुळे त्याचे शेवटचे महिने, शेबाट आणि अदार, आपल्या हिशोबात पुढच्या सनात पडतात. त्यांच्या आधीचा तेबेट सीमेवर असतो. उदाहरण घ्या: जेरुसलेमचं दुसरं मंदिर दरायसच्या सहाव्या वर्षी अदारच्या तिसऱ्या दिवशी पूर्ण झालं, असं बायबलातलं एज्राचं पुस्तक सांगतं. ५२२ वजा ६ म्हणजे ५१६. पण अदार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून खरं वर्ष ५१५. अनेक ठिकाणी ५१६ छापलेलं दिसतं ते या एका पायरीच्या विसरामुळे.

आकड्याने भागलं नाही तर बिरुदं पाहा. पहिल्या दरायसच्या बाबिलोनी पाट्यांवर साधारणपणे ‘बाबिलोनचा राजा, देशांचा राजा’ असं येतं. झर्क्सीसच्या काळात ‘पारस आणि माद’ (पर्शिया आणि मीडिया) हेही जोडलं जातं, मग ‘बाबिलोनचा राजा’ गळत जातं, आणि पहिल्या आर्टाझर्क्सीसपासून बहुधा नुसतं ‘देशांचा राजा’ उरतं. तेव्हा ‘दरायस, बाबिलोनचा राजा, देशांचा राजा’ असेल तर पहिल्याकडे झुका. नुसतं ‘देशांचा राजा’ असेल तर दुसरा किंवा तिसरा जास्त संभवतो. पण एकट्या बिरुदावर निकाल देऊ नका, लेखनिक कधीकधी आखडतं घेत. पाटी कोणत्या दप्तरातली आहे हे त्याहून भक्कम. निप्पूरच्या मुराशू घराण्याच्या व्यवहारांतली असेल तर काळ पहिला आर्टाझर्क्सीस आणि दुसरा दरायस यांचा. बाबिलोनच्या एगिबी घराण्याची असेल तर पहिला दरायस. झर्क्सीसच्या दुसऱ्या वर्षी, ४८४ मध्ये, बाबिलोनमधल्या बंडांनंतर उत्तर बाबिलोनियातली अनेक जुनी दप्तरं एकदम थांबतात, आणि त्यामुळे दोन दरायसांमध्ये एक नैसर्गिक रेघ पडते. दुसरा झर्क्सीस मात्र या पाट्यांत दिसतच नाही; मुराशूंच्या कारकुनांनी आर्टाझर्क्सीसच्या ४१ व्या वर्षानंतर थेट दरायसचं राज्यारोहण लिहिलं आहे.

बाबिलोनच्या खगोल-नोंदी लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होत असावा. त्यांनी यावर सरळ तोडगा काढला: ‘अर्शू, ज्याला आर्टाझर्क्सीस म्हणतात’, ‘उमाकुश, ज्याला आर्टाझर्क्सीस म्हणतात’. अर्शू म्हणजे दुसरा, उमाकुश म्हणजे ओखस, तिसरा. दुसऱ्या दरायसलाही ‘उमाकुश, ज्याला दरायस म्हणतात’ असंच लिहिलेलं सापडतं. याच परंपरेतल्या एका रोजनिशीत उलूलू महिन्याच्या २४ तारखेची, म्हणजे १ ऑक्टोबर ३३१ ची, अलेक्झांडर आणि तिसरा दरायस यांच्यातली गौगामेलाची लढाई नोंदलेली आहे.

इजिप्तमधले कागद असतील तर आणखी एक खात्रीचं साधन मिळतं, दुहेरी तारीख. नाईलमधल्या एलिफंटाईन बेटावरच्या यहुदी सैनिकांच्या अरामी दस्तांत बाबिलोनी आणि इजिप्शियन अशा दोन्ही तिथ्या असतात. एका दस्तावर आहे: किसलेवची (बाबिलोनी महिना) ३ तारीख, वर्ष ८, म्हणजे थोथची (इजिप्शियन महिना) १२ तारीख, वर्ष ९, राजा दरायस. दोन वेगळे आकडे पाहून लेखनिकाची चूक समजू नका. इजिप्शियन वर्ष त्या काळी डिसेंबरात बदलत होतं, बाबिलोनी वसंतात, म्हणून मधल्या काही महिन्यांत इजिप्शियन आकडा एकाने पुढे असे. आता गंमत बघा. इजिप्शियन वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी ते एक दिवस अलीकडे सरकतं. दुसऱ्या दरायसच्या आठव्या वर्षी, ४१६ मध्ये, थोथची १२ डिसेंबरच्या मध्यावर येते आणि किसलेवची ३ तिथेच बसते. पहिल्या दरायससाठी तोच हिशोब ५१४ ला करून पाहिला तर थोथची १२ जानेवारीत जाते आणि किसलेव जुळत नाही. तिसऱ्याला आठवं वर्ष नव्हतंच. निकाल लागला.

बायबलमध्ये मराठी भाषांतरांतली नावं वेगळी आहेत, ती ओळखून घ्या: कोरेश म्हणजे सायरस, दारयावेश म्हणजे दरायस, अहश्वेरोश म्हणजे झर्क्सीस, अर्तहशश्त म्हणजे आर्टाझर्क्सीस. हाग्गय आणि जखऱ्या या संदेष्ट्यांचा दारयावेश पहिला. त्याचं दुसरं वर्ष म्हणजे ५२०. दानिएलातला ‘मेदी दारयावेश’ या तिघांपैकी कोणीही नाही. ५३९ मध्ये बाबिलोन घेतलं ते सायरसने, त्यामुळे त्याला आकडा लावूच नका. एस्तेरचा अहश्वेरोश झर्क्सीस आहे, पण तिच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तो आर्टाझर्क्सीस झाला आहे आणि तिथून गोंधळ पसरला. नहेम्याचा अर्तहशश्त पहिला, हे भक्कम आहे: त्याचं विसावं वर्ष ४४५, आणि नहेम्याचा विरोधक सनबल्लट याच्या मुलांची नावं एलिफंटाईनच्या ४०७ मधल्या अर्जात येतात. बाप ४४५ ला कर्तासवरता आणि मुलं ४०७ ला कारभार बघताहेत, हे सरळ बसतं. एज्राचं मात्र तसं नाही. ‘अर्तहशश्ताचं सातवं वर्ष’ पहिल्याचं धरलं तर ४५८, दुसऱ्याचं धरलं तर ३९८. दोन्ही बाजूंनी जाणकार आहेत. इथे दोन्ही वर्षं द्या, एक गाळू नका.

ग्रीक लेखकांचं काम त्यांच्या काळावरून सोपं होतं. मॅरेथॉनच्या लढाईचा दरायस पहिला. थुसिडिडीसने दिलेल्या स्पार्टाबरोबरच्या एका करारावर ‘दरायसचं तेरावं वर्ष’ आहे. ४२४ वजा १३, म्हणजे ४११, दुसरा. इस्सस आणि गौगामेलाचा तिसरा. आपल्याकडे जुन्या मराठी लेखनात अलेक्झांडरच्या गोष्टीतला ‘दारा’ हाच. ‘लांब हाताचा’ आणि ‘स्मरणशक्तीचा’ ही पहिल्या आणि दुसऱ्या आर्टाझर्क्सीसची विशेषणं ग्रीकांची आहेत, इराणी लेखांत ती शोधू नका.

नाण्यांबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवं. ‘दारिक’ हे सुमारे ८.४ ग्रॅमचं सोन्याचं नाणं, धनुष्य घेतलेल्या राजाचं चित्र असलेलं. त्यावर कोणाचंही नाव नाही. प्रकार पहिल्या दरायसच्या काळात सुरू झाला आणि घराणं संपेपर्यंत चालला. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर ‘दरायस पहिला’ लिहिलं असेल तर तो अंदाज आहे, वाचन नव्हे. राजाच्या हातात धनुष्य-बाण, भाला की खंजीर यावरून गट पडतात, पण एका गटात अनेक राज्यं येतात. पर्सेपोलिसच्या अपादानाच्या पायात पहिल्या दरायसने सोन्याचांदीच्या पट्ट्यांबरोबर नाणी पुरली होती. त्यांत लिडियाची आणि ग्रीक नाणी आहेत, दारिक एकही नाही. म्हणजे त्याच्याच कारकिर्दीच्या सुरुवातीलासुद्धा हे नाणं पाडलेलं नसावं.

समाध्यांचंही असंच. पर्सेपोलिसजवळच्या नक्श-ए-रुस्तमच्या कड्यात चार समाध्या आहेत, राजलेख फक्त पहिल्या दरायसच्या समाधीवर. उरलेल्या तीन झर्क्सीस, पहिला आर्टाझर्क्सीस आणि दुसरा दरायस यांच्या मानल्या जातात. छायाचित्राखाली ‘मानली जाते’ हे शब्द ठेवा.

सायरसबद्दल एवढंच. पारसिक साम्राज्य उभारणारा तो दुसरा सायरस. त्याच्या नावाच्या मातीच्या दंडगोलात त्याने स्वतःच बाप कॅम्बायसिस, आजोबा सायरस, पणजोबा तेइस्पेस अशी साखळी दिली आहे. २०१३-१४ मध्ये तो दंडगोल मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता, तेव्हा अनेकांनी पाहिला असेल. ग्रीक लेखनात ४०१ ला कुनाक्साच्या लढाईत पडलेला ‘धाकटा सायरस’ दुसऱ्या दरायसचा मुलगा होता आणि राजा कधी झालाच नाही, म्हणून त्याला ‘तिसरा’ म्हणायचं नाही. सायरसची राजधानी पासार्गादाई, तिथल्या खांबांवर ‘मी सायरस राजा, हखामनी’ असं कोरलेलं आहे, पण तो लेख बहुधा पहिल्या दरायसने नंतर बसवला. सायरसच्या स्वतःच्या वंशावळीत हखामनीचं नाव नाही, ती तेइस्पेसपाशी थांबते.